गच्चीवरून अंगणात: सौर हवामान केंद्राच्या नोंदी

११ जानेवारी

बरेच दिवस मनात असलेलं काम आज हातात घेतलं. घरच्या जागेचं तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि पाऊस मोजणारं छोटं केंद्र उभारायचं, तेही फक्त उन्हावर चालणारं. घरातून एकही वायर बाहेर जाणार नाही, ही अट मी पहिल्याच दिवशी घालून घेतली. वायर आली की केंद्र कुठे उभं राहणार हे वायरची लांबी ठरवते, आणि हवामान मोजताना जागा चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

मोबाइलवर दिसणारं तापमान बहुतेक वेळा एका मोठ्या चौकोनासाठी गणिताने काढलेलं असतं. त्या चौकोनात माझं घर येतं, शेजारचा डोंगर येतो, रस्ताही येतो. मला पहाटे पाच वाजता माझ्या अंगणात पारा किती उतरला ते हवं आहे.

बाबा पाऊस मोजतात. सरळ भिंतीची एक काचेची बरणी उघड्यावर ठेवलेली असते. पाऊस झाला की सकाळी आठला फूटपट्टी लावून वहीत आकडा लिहायचा, एवढंच. केंद्राबद्दल सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "खरं सांगेल ना ते?" तो प्रश्न या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

सामान: ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणकच), बीएमई२८० हा दाब-आर्द्रता-तापमानाचा सेन्सर, डीएस१८बी२० हा धातूच्या नळीतला जलरोधक तापमान सेन्सर, उलटणाऱ्या पात्राचा पर्जन्यमापक, १ वॉटचं ६ व्होल्टचं सौर पॅनल. बॅटरी अजून ठरायची आहे. नोंद दर १० मिनिटांनी. वारा नंतर, त्याला उंच खांब लागतो.

१४ जानेवारी

आजचा अख्खा दिवस विजेच्या हिशेबात गेला, आणि तो सार्थकी लागला.

केंद्र दर १० मिनिटांनी जागं होणार, मोजणार, वायफायवरून आकडा पाठवणार आणि परत झोपणार. जागं राहायला साधारण ४ सेकंद, तेव्हा सरासरी ८० मिलिअँपिअर. दिवसातून १४४ वेळा ४ सेकंद म्हणजे ५७६ सेकंद, म्हणजे ०.१६ तास. त्याचे झाले १२.८ मिलिअँपिअर-तास (एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर चालला की एक). अगदीच किरकोळ.

झोपेतला हिशेब मात्र भलताच निघाला. चिप गाढ झोपेत जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेते असं तिची कागदपत्रं सांगतात. माझ्या मल्टिमीटरवर बोर्ड झोपेत ९ मिलिअँपिअर घेत होता, म्हणजे जवळपास नऊशे पट. दिवसाचे २१६ मिलिअँपिअर-तास. जागेपणी लागते त्याच्या सतरा पट वीज नुसतं झोपायला.

चिपचा यात दोष नाही, तिच्या भोवतालच्या भागांचा आहे. बोर्डावर ५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर असतो, यूएसबीची चिप असते, एक लाल दिवा असतो. चिप झोपली तरी हे तिघं जागेच. दिवा काढून पाहिला, थोडा फरक पडला. शेवटी बोर्डच बाजूला ठेवला आणि नुसतं मॉड्यूल घेऊन त्याला वायरी सोल्डर केल्या.

मग रेग्युलेटरचं काय? इथे बॅटरीची निवड कामाला आली. नेहमीचा लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर जातो आणि ईएसपी३२ला ३.६च्या वर चालत नाही, म्हणून मध्ये रेग्युलेटर घालावाच लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल मात्र बहुतेक काळ ३.२-३.३ व्होल्टलाच असतो. तो थेट जोडता येतो. चार्जर ३.५ला थांबवला तर वरची मर्यादाही सांभाळली जाते, आणि सेलची साठवण त्याने फारशी घटत नाही. १५०० मिलिअँपिअर-तासाचा एक सेल घेतला. वायफाय सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढला जातो आणि व्होल्टेज खाली बसून चिप पुन्हा सुरू होते, म्हणून सेलच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला.

आता झोपेत १८ मायक्रोअँपिअर. दिवसाला अर्धा मिलिअँपिअर-तासही नाही. एकूण खर्च सव्वातेराच्या आसपास.

मोजणी करणाऱ्यांसाठी एक सूचना. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून केंद्र सुरू केलं तर ते सुरूच होत नाही, कारण त्या पट्ट्यावर मीटरचा स्वतःचा रोध बराच असतो आणि वायफायच्या वेळी सगळं व्होल्टेज तोच खातो. मीटरच्या दोन टोकांना एक वायर आडवी लावायची, केंद्र झोपेपर्यंत थांबायचं आणि मग वायर काढून आकडा वाचायचा. हे कळायला मला दोन तास लागले.

१८ जानेवारी

सेन्सर टेबलावर जोडले. तापमान आलं, दाब आला, आर्द्रतेच्या जागी मात्र शून्य. जोडणी तीनदा तपासली. मग चिपचा ओळखक्रमांक वाचला: हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत, ५८. बीएमई२८० असती तर ६० यायला हवा होता. म्हणजे हातात आली ती बीएमपी२८०, जी दाब आणि तापमान मोजते पण आर्द्रता मोजतच नाही. पाकिटावर नाव मात्र दुसरं होतं. दिसायला दोन्ही छोट्या पाट्या सारख्याच, त्यामुळे डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा क्रमांक वाचलेला बरा. दुसरी मागवली.

डीएस१८बी२०ने पहिल्याच वाचनात ८५ अंश दाखवले. खोलीत २४ होते. ८५ हा त्या सेन्सरचा वीज मिळाल्याबरोबरचा मूळ आकडा आहे. मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं की तोच हाती येतो. पूर्ण अचूकतेची मोजणी व्हायला पाऊण सेकंद द्यावा लागतो. आणि वायर सुटली तर सेन्सर वाचणारी नेहमीची लायब्ररी (तयार प्रोग्राम) उणे १२७ देते. हे दोन्ही आकडे प्रोग्राममध्येच अडवले. नाहीतर महिन्याच्या सरासरीत एखादा ८५ शिरला तर तो सहज दिसतही नाही, सरासरी मात्र बिघडून बसते.

२३ जानेवारी

नवी चिप आली, ओळखक्रमांक ६०. आज मिठाची परीक्षा.

ओल्या मिठावरची बंदिस्त हवा २५ अंशांना ७५.३ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. २० अंशांना ७५.५ आणि ३० ला ७५.१, म्हणजे तापमान थोडं हललं तरी चालतं. प्रयोगशाळेत वापरतात तीच रीत आणि घरात सहज जमणारी. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं आणि त्यात थेंब थेंब पाणी टाकलं. मीठ ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. वर पाणी साचलं तर जास्त झालं. झाकण एका डब्यात ठेवलं, शेजारी सेन्सर, वायर बाहेर काढून फट मेणाने बुजवली. डबा कपाटात, जिथे ऊन नाही आणि पंख्याचा वाराही नाही.

२४ जानेवारी

चोवीस तासांनी ७८.६. सेन्सर ३.३ टक्के जास्त दाखवतो. गेले सहा तास आकडा हललेला नाही, म्हणून हा फरक धरायला हरकत नाही. खरं तर एका बिंदूवर तपासून भागत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडच्या ओल्या मिठावर ३३ टक्क्यांच्या जवळ दुसरा बिंदू मिळतो. तो पुढे करेन.

डीएस१८बी२० बर्फाच्या चुऱ्यात धरला. चुरा भरपूर आणि पाणी फक्त फटी भरण्यापुरतं. ढवळत राहिल्यावर ०.१९ला थांबला. तेवढी दुरुस्ती प्रोग्राममध्ये टाकली. आता दोन्ही सेन्सर एकमेकांशेजारी ठेवले तर तापमानात ०.२चा फरक राहतो. आधी तो १.१ होता, कारण बीएमई२८० सतत चालू ठेवली होती आणि ती स्वतःच गरम होत होती. एकदा मोजून लगेच झोपवल्यावर तो फरक गेला.

२ फेब्रुवारी

सेन्सरला घर हवं. हवा खेळली पाहिजे, पण ऊन, पाऊस आणि तापलेल्या जमिनीची धग लागता कामा नये. दीपगृहं बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन (१८१८–१८८७) यांनी दुहेरी झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी बनवली, ती याचसाठी. हवामान वेधशाळांच्या आवारात ती आजही दिसते. छोट्या सेन्सरला एवढी मोठी पेटी लागत नाही. पांढऱ्या बशा एकावर एक, मध्ये बोटभर अंतर ठेवून रचल्या तरी तोच हेतू साधतो.

कुंडीखाली ठेवतात त्या प्लास्टिकच्या आठ बशा घेतल्या. वरच्या दोन अखंड, खालच्या सहांना मध्ये गोल भोक. तीन लांब स्क्रू आणि अंतर राखायला पाइपचे तुकडे. बशा उपड्या, म्हणजे पावसाचं पाणी कडेवरून खाली ओघळतं आणि आत येत नाही. बशांच्या आतल्या बाजूला काळा रंग दिला, म्हणजे फटीतून शिरलेलं ऊन उसळी मारत सेन्सरपर्यंत पोचत नाही. बाहेरून पांढरा.

गच्चीवर दुपारी दोनला तपासलं. उघडा सेन्सर ४३.८, बशांतला ३६.१. त्याच वेळी गोफणीसारखा हातात फिरवलेला तापमापक ३५.४ दाखवत होता. वारा पडला की बशांच्या आतला आकडा एक-दीड अंश वर चढतो. पंखा बसवला तर तेही जाईल, पण पंख्याची वीज या पॅनलला झेपणार नाही. हा दोष माहीत असू द्यावा, लिहून ठेवावा आणि पुढे जावं.

९ फेब्रुवारी

पॅनल आणि चार्जर. लिथियम-आयनसाठीचा, ४.२ व्होल्टला थांबणारा चार्जर या सेलला लावायचा नाही. आयर्न फॉस्फेटसाठीचा, मर्यादा बदलता येणारा घेतला आणि ३.५वर लावला. सेल जोडण्याआधी मीटरने दोनदा खात्री केली.

भर उन्हात पॅनल १५० मिलिअँपिअर देतं. ढग असताना दहावा हिस्सा धरला तरी चार तासांत ६० मिळतात, आणि दिवसाचा खर्च १३. तीच गोष्ट जुन्या बोर्डावर केली असती तर दिवसाला २२९ लागले असते आणि ढग नऊ-दहा दिवस टिकले तर केंद्र बंद पडलं असतं. झोपेतली वीज वाचवली म्हणून एवढंसं पॅनल पुरतं. नाहीतर चौपट मोठं लागलं असतं आणि खांबावर त्याची सावली सेन्सरवर पडली असती.

१५ फेब्रुवारी

केंद्र गच्चीवर उभं राहिलं. पॅनलचं तोंड विषुववृत्ताच्या दिशेला, कल जवळपास अक्षांशाइतका. जलरोधक डब्याला खालून दोन वायरींची भोकं, त्यांना वायरीभोवती घट्ट बसणारी रबरी बुचं. प्रत्येक वायर आत शिरण्याआधी खाली झोका देऊन वळवली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या तळाशीच टपकतं. डब्यात सिलिका जेलची पुडी. सेन्सरची जागा सोडून पाटीवर नेलपॉलिशचा थर दिला.

संध्याकाळी ६:१०ला पहिली नोंद आली. २७.४ अंश, ४८ टक्के. बाबा मागे उभे राहून वाचत होते. "आता हे किती दिवस चालतंय बघू," म्हणाले.

२३ फेब्रुवारी

आठव्या दिवशी बंद. दोन दिवस ढग होते, पण हिशेबाने तीन महिने उन्हाशिवाय चालायला हवं.

कारण घरातच होतं. रात्री ११ ते ६ आम्ही राउटर बंद ठेवतो. केंद्र जागं व्हायचं, वायफाय शोधायचं आणि मिळेपर्यंत शोधतच राहायचं. ९० मिलिअँपिअरने सात तास म्हणजे ६३० मिलिअँपिअर-तास एका रात्रीत! उन्हाच्या दिवशी पॅनल ते कसंबसं भरून काढत होतं. दोन ढगाळ दिवस आल्यावर सेल रिकामा झाला.

प्रोग्राम बदलला. वायफाय ८ सेकंदांत मिळालं नाही तर सोडून द्यायचं, आकडा झोपेतही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवायचा आणि पुढच्या वेळी साठलेले सगळे एकदम पाठवायचे. ती स्मृती ८ किलोबाइट. एक नोंद वेळेसकट १६ बाइटची, दिवसाच्या १४४ नोंदी म्हणजे २३०४ बाइट. तीन दिवस आरामात मावतात. रात्री राउटर बंद असण्याच्या काळात आता वायफाय तासातून एकदाच चाचपतं.

बॅटरी संपत आल्याचं आधी का दिसलं नाही? कारण या सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. ३.२७ आणि ३.२२मध्ये अर्धा सेल रिकामा झालेला असू शकतो. व्होल्टेजवरून टक्के काढण्याचा नाद सोडला. त्याऐवजी रोज पहाटे सहाचं व्होल्टेज लिहिते आणि आठवड्याचा उतार बघते.

४ मार्च

आज मन भरून आलं. दहा दिवसांचा दाबाचा आलेख काढला आणि त्यात एक लाट दिसली. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला, पहाटे चारला पुन्हा खाली. रोज तसंच. वातावरणाची ही दिवसातून दोनदा येणारी भरती-ओहोटी आहे. समुद्राची भरती मुख्यतः चंद्र ओढतो, ही मात्र सूर्याने वरची हवा तापवल्याने उठते. विषुववृत्ताजवळ ठळक असते आणि ध्रुवांकडे जाताना विरत जाते. वाचून माहीत होतं. पण बोटाच्या नखाहून लहान चिप गच्चीवर बसून तेच सांगते, हे स्वतःच्या आलेखात बघणं वेगळं.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ आलेखावर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे दुपारी दाब उतरला की लगेच पाऊस येणार असं नाही." अगदी तेच. रोजचा उतार वजा करून जो उरतो, तो बघायचा.

दाब समुद्रसपाटीवर आणायला जागेची उंची लागते. जमिनीजवळ सुमारे ८ मीटर वर गेलं की १ हेक्टोपास्कल कमी होतो. सेन्सर हातात घेऊन जिन्याने खाली अंगणात आले: सात मीटर, ०.८ हेक्टोपास्कल. पायरीपायरीने आकडा बदलताना दिसला.

१२ मार्च

गच्ची ही जागा चुकली. कबूल करून टाकते.

दुसरा बशांचा संच करून अंगणात गवतावर दीड मीटर उंचीवर लावला होता. आठवडाभर दोन्हीकडे मोजलं. रात्री ११ला गच्चीवर सरासरी २.३ अंश जास्त. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अर्धी रात्र ते परत सोडत बसतो. म्हणजे आजवर मी हवेचं तापमान म्हणून जे लिहिलं, त्यात स्लॅबचा वाटा होता. जागतिक हवामान संघटनेचं मार्गदर्शन तापमानासाठी जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंची सांगते, आणि तीही मोकळ्या जमिनीवर. ते मी वाचलं होतं, पण गच्चीवर ऊन भरपूर म्हणून पॅनलचा विचार आधी केला. केंद्र पॅनलसाठी नसतं.

आधीच्या २५ दिवसांच्या नोंदी पुसणार नाही. त्यांच्यावर 'गच्ची' अशी खूण केली.

१५ मार्च

केंद्र अंगणात आणलं. झाडाची सावली दुपारी तीननंतर पॅनलवर येते. एकाच फांदीची सावली कोपऱ्यात पडली तरी प्रवाह १५० वरून २० वर येतो, कारण पॅनलमधले सगळे तुकडे एकामागोमाग जोडलेले असतात आणि एक अडला की सगळे अडतात. तरी सकाळचं ऊन पुरतं.

पहाटे गवतावर दव होतं आणि केंद्र आर्द्रता ८९ टक्के सांगत होतं. आधी वाटलं सेन्सर चुकतोय. पण गवताची पाती रात्री आकाशाकडे उष्णता सोडून दीड मीटरवरच्या हवेपेक्षा गार होतात, दवबिंदू आधी तिथे गाठला जातो. जुना तापमापक गवतात आडवा ठेवून बघितला: वरच्यापेक्षा ३ अंश कमी. सेन्सर बरोबर होता.

२२ मार्च

पर्जन्यमापक. आत सी-सॉसारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं, दुसरं खाली येतं, आणि कलंडताना चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या स्विचसमोरून) जातो. माझ्या नरसाळ्याचा व्यास १६ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ २०१ चौ. सेंमी. १ मि.मी. पाऊस म्हणजे २०.१ मिली. एका कलंडण्याला ०.२ मि.मी. अपेक्षित, म्हणजे ४.०२ मिली.

बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडलं, ४०२ मिली पाणी मोजून भरलं आणि नरसाळ्यावर उपडी टांगली. तासाभरात थेंबथेंब रिकामी झाली. १०० कलंडणी यायला हवीत. पहिल्या वेळी १८७ आली! पात्रं कलंडताना मोजली तर तेवढी नव्हतीच. स्विच बंद होताना थरथरतो आणि एका वेळेचे दोन ठोके जातात. ठोक्यानंतर २०० मिलिसेकंद कान बंद ठेवायला प्रोग्रामला सांगितलं. दुसऱ्या वेळी ९१. म्हणजे पात्र ४.४ मिली घेतंय. खालचे दोन स्क्रू सारखेच, पाव-पाव फेरा वर घेतले. मग ९६. आणखी थोडे. मग १०१, पुन्हा केल्यावर १००.

पाणसळ लावून बैठक सपाट केली. तिरकं बसलं तर एक पात्र लवकर कलंडतं आणि दुसरं उशिरा.

६ एप्रिल

काल रात्री निरभ्र आकाशात १.४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. बाबांची बरणी कोरडी. "काल चांदणं होतं गं," ते म्हणाले.

वेळा बघितल्या: सातही कलंडणी रात्री १:४० ते २:१०मध्ये, जोराचा वारा होता तेव्हा. मापक केंद्राच्याच खांबावर आडव्या पट्टीला लावला होता. खांब हलला की पात्रं हलतात. मापकाला वेगळा, आखूड, जाड खांब पुरला, कुंपणापासून त्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब. नोंद पुसली नाही. 'वारा' अशी खूण केली.

२० एप्रिल

पहिला खरा पाऊस. केंद्र ७.८, बरणी ८. बाबांनी वहीत लिहिलं, मग चष्मा काढून माझा आकडाही त्याच्या शेजारी लिहिला. आजवर त्या वहीत एकच रकाना होता.

४ मे

परवाचा पाऊस दुपारी चारला थांबला, पण केंद्र रात्री नऊपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ठोका देत होतं. नरसाळं काढलं. मानेत कोळ्याने जाळं विणलं होतं, त्यावर एक पिवळं पान आणि भिजलेली माती. पाणी वर साचलं होतं आणि जाळ्यातून झिरपत होतं. बेरीज बरोबर आली, पण पाऊस कधी पडला आणि किती जोरात, हे साफ चुकलं. मानेत तारेची जाळी बसवली. दर रविवारी नरसाळं बघायचं, पॅनलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. डब्यातली सिलिका जेल गुलाबी झाली होती, ती बदलली.

पहाटेचं व्होल्टेज: ३.२९, ३.२९, ३.२८, ३.२९. मधले तीन दिवस ढगाळ होते.

१८ मे

काल संध्याकाळी ३५ मिनिटांत धो-धो पडला. आज सकाळी आठला दोघंही अंगणात.

"किती?"

"बत्तीस. तुझं?"

"एकतीस पूर्णांक दोन."

फूटपट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून बरणीतलं पाणी मोजपात्रात ओतलं. बरणीचा व्यास १० सेंमी, क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी. पाणी २५१ मिली. भागाकार ३२.०. बाबा बरोबर, केंद्र अडीच टक्के कमी.

हे का होतं ते कळतं. पात्र कलंडायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि त्यातला काही वेळ धार आधीच भरलेल्या पात्रातच पडत राहते. ते पाणी मोजलं जात नाही. रिमझिमीत दोन ठोक्यांमधलं अंतर मिनिटांचं असतं, तिथे अर्धा सेकंद काहीच नाही. काल १५६ ठोके ३५ मिनिटांत आले, म्हणजे दर साडेतेरा सेकंदांना एक. तिथे तो जाणवतो. मी मापक तपासला तो सुईच्या भोकातून, सावकाश थेंबांनी. अशा पावसासाठी तपासलाच नव्हता.

झाकणांना १, २ आणि ३ मि.मी.ची भोकं पाडली आहेत. प्रत्येकातून तेच ४०२ मिली सोडून ठोके मोजायचे, आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराप्रमाणे किती वाढवायचं त्याचं कोष्टक करायचं. बाबा घड्याळ धरायला बसणार आहेत. शनिवारी सकाळी, वारा नसताना.